आरामै छौं

आमच्या बागेतल्या राखणदाराला सगळे बहादूर म्हणत. त्याच्या आधी जो होता त्यालाही बहादूरच म्हणत, आणि गडग्यापलीकडच्या बागेतल्यालाही. आजोबांनी पडवीतून हाक मारली की दोन-तीन बागांतून एकदम ‘जी शेट’ ऐकू यायचं. रत्नागिरीच्या आसपास हापूस राखायला नेपाळी माणसं येतात याचं आम्हा मुलांना नवल नव्हतं. आधी गवत काढणं, मग मोहोर, मग फवारणी, मग वानर, मग चोर, मग काढणी आणि पेट्या भरणं, आणि पाऊस तोंडावर आला की बहुतेकांचं बिऱ्हाड उत्तरेला. आमचा मात्र पावसाळ्यातही मांगरात राहायचा. त्याचं खरं नाव मला दहा वर्षांनी कळलं. तेही एका फॉर्मवर लिहावं लागलं म्हणून.

तो मला ‘बहिनी’ म्हणायचा. नेपाळीत धाकटी बहीण म्हणजे बहिनी. आजीला ते ‘वहिनी’ ऐकू यायचं. “मेल्या, अकरा वर्षांच्या पोरीला वहिनी काय म्हणतोस?” म्हणून ती त्याच्यावर ओरडायची, आणि तो हसून पुन्हा तेच म्हणायचा.

तो अछामचा. नेपाळच्या पश्चिम टोकाला डोंगरात असलेला हा जिल्हा. तिथल्या पुरुषांनी मुंबईला जायचं ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. पोस्टानं पत्र क्वचितच यायचं. गावाकडून कुणी मुंबईला निघाला की त्याच्याबरोबर, मग मुंबईहून कोकण रेल्वेनं येणाऱ्या दुसऱ्या कुणाबरोबर, असं करत घडीवर घडी पडलेलं, घामानं मऊ झालेलं पत्र मांगरापर्यंत पोचायचं. बहादूरला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, म्हणजे अक्षरं येत होती. नेपाळी देवनागरीतच लिहितात. तेव्हा आमची वाटणी अशी होती की मी अक्षरं वाचायची आणि अर्थ त्यानं लावायचा. मी पोपटासारखी वाचत जायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून काय लिहिलंय याचा अंदाज करायची. गाय व्यायली असेल तर कळायचं. पैसे मागितले असतील तर तेही कळायचं.

प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं: यहाँ हामी सबै आरामै छौं. मला वाटायचं, काय भाग्यवान माणसं आहेत, घरदार सगळं लोळत पडलंय आणि हा एकटा इथे राबतोय. ते आपल्या ‘आम्ही सर्व खुशाल’चं नेपाळी भावंड आहे हे समजायला मला कॉलेजात जावं लागलं. पत्रं त्याच्या गावचा मास्तर लिहायचा, शुद्ध पुस्तकी नेपाळीत. घरी बोलतात ती बोली वेगळी. म्हणजे आईनं एका भाषेत सांगायचं, मास्तरनं दुसऱ्या भाषेत लिहायचं आणि तिसऱ्या भाषेच्या पोरीनं वाचायचं.

२००२ च्या मे महिन्यातलं पत्र मला लख्ख आठवतं, आणि त्याला कारण तारीख. कागदावर डोक्याशी लिहिलं होतं ‘२०५८ चैत’. मी हरखले. मला वाटलं पत्र भविष्यातून आलंय. नेपाळात विक्रम संवत चालतो, आपल्या सनाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढे, हे कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीचे दिवस होते, मांगरात पेट्या भरणं चाललं होतं. तो पेंढा पसरून आंबे देठाची बाजू बघून लावत होता आणि मी पालथ्या पेटीवर बसून वाचत होते. मधेच एक छोटं वाक्य आलं. साइँला दाइलाई लगे.

मी पुढे गेले, पण त्याचा हात थांबला होता. “फेरि पढ,” म्हणाला. मी पुन्हा वाचलं. त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग मी उरलेलं वाचलं, ‘आरामै छौं’ आलं, पत्र संपलं. त्यानं पेटीतला पेंढा नीट केला आणि पुढचा आंबा उचलला.

नेपाळीत भावंडांना क्रमानं नावं असतात: जेठा, माइला, साइँला, काइँला. साइँला म्हणजे तिसरा, दाइ म्हणजे मोठा भाऊ. हा त्याचा चुलतभाऊ. आणि ‘लगे’ म्हणजे नेलं. कुणी नेलं ते वाक्यात नाही. क्रियापदावरून एवढंच कळतं की नेणारा एक नव्हता, अनेक होते.

त्या वर्षी नेपाळात जे चाललं होतं ते सहा वर्षं जुनं झालेलं होतं. ४ फेब्रुवारी १९९६ ला माओवाद्यांचे पुढारी बाबुराम भट्टराई ४० मागण्यांचं निवेदन घेऊन पंतप्रधान शेरबहादूर देउबांकडे गेले. राजाचे विशेषाधिकार काढून घ्या, संविधानसभा बोलवा, कसेल त्याला जमीन द्या, भारताबरोबरचा १९५० चा करार मोडा. बीभत्स हिंदी सिनेमांवर बंदी घाला, अशीही एक मागणी होती. (दिल्लीच्या जेएनयूत शिकलेल्या माणसाच्या कागदावर हे वाचून मला हसू आलं होतं.) मुदत १७ फेब्रुवारीची दिली होती. पण १३ लाच रोल्पा, रुकुम, सिंधुलीकडच्या पोलीस चौक्यांवर हल्ले झाले आणि माओवाद्यांनी ‘जनयुद्ध’ जाहीर केलं. स्वतः घालून दिलेली मुदतही त्यांना धीरानं पाळता आली नाही.

पहिली पाच वर्षं काठमांडूला ते पोलिसांचं काम वाटत होतं. १ जून २००१ ला नारायणहिटी राजवाड्यात राजा वीरेंद्र आणि जवळजवळ सगळं राजकुटुंब एका रात्रीत मारलं गेलं आणि ज्ञानेंद्र गादीवर आले. नोव्हेंबरात माओवाद्यांनी दांगमध्ये थेट सेनेच्या बराकीवर हल्ला केला. आणीबाणी लागली, सेना उतरली. १६-१७ फेब्रुवारी २००२ च्या रात्री अछामचं जिल्ह्याचं ठाणं मंगलसेन आणि जवळची सांफेबगरची विमानपट्टी माओवाद्यांनी धुळीला मिळवली. शंभराहून कितीतरी अधिक पोलीस आणि सैनिक त्या एका रात्रीत गेले. त्यानंतर सेना अछामच्या डोंगरात शिरली. पत्र त्यानंतरच्या महिन्यातलं होतं.

आजोबांनी विचारलं तेव्हा बहादूरनं दोन वाक्यांत समजावलं. “दिन में फौज, रात में पार्टी, शेट. दोनों को रोटी देना पडता.” रात्री आलेल्यांना जेवू घातलं म्हणून दिवसा आलेले मारायचे. दिवसा आलेल्यांशी बोललं म्हणून रात्री आलेले विचारणा करायचे. त्यातून जो तरुण पोरगा पळू शकत होता तो सीमा ओलांडून भारतात येत होता. त्या दोन हंगामांत आमच्या भागात राखणदार मिळणं एकदम सोपं झालं होतं. घरात त्यावर कुणी जास्त विचार केला नाही. मजुरी वाढली नाही, एवढंच बोललं गेलं.

पुढच्या वर्षी दुसरी बातमी आली. ह्या वेळी पत्र नव्हतं, तोंडी निरोप होता. त्याचा सख्खा धाकटा भाऊ, वय तेराच्या आसपास, शाळेतून पार्टीबरोबर गेला. ‘गेला’ की ‘नेला’, हे निरोप आणणाऱ्यालाही सांगता येईना. माओवादी शाळेतून मास्तरांसकट पोरं उचलून नेत, काही दिवस शिबिरात भाषणं ऐकवत, आणि बहुतेकांना परत सोडत. घरटी एक माणूस द्या, असंही म्हणत. हा परत आला नाही.

युद्ध कसं संपलं हे सांगायचं तर माझ्या मते सुरुवात राजापासून करावी लागते. १ फेब्रुवारी २००५ ला ज्ञानेंद्रांनी सरकार बरखास्त केलं, पुढाऱ्यांना घरात कोंडलं आणि देशातले फोन बंद केले. लँडलाइन, मोबाइल, इंटरनेट, सगळं. त्या आठवड्यात बहादूर रोज संध्याकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन नेपाळच्या सीमेजवळच्या धनगढीतल्या एका दुकानाचा नंबर फिरवायचा. काचेच्या त्या खोक्यात तो उभा, कानाला रिसीव्हर, आणि समोरचं मीटर शून्यावरून हलत नाही. बूथवाला म्हणाला, “पैसे नकोत रे, लागलाच नाही तर पैसे कसले.” आठवड्याभरानं फोन सुरू झाले, पण धनगढीच्या दुकानदाराला अछामचं काही माहीत नव्हतं.

राजाला वाटलं होतं की पुढाऱ्यांना बाजूला सारलं की आपण माओवाद्यांना तीन वर्षांत निकालात काढू. झालं उलटंच. जे पक्ष माओवाद्यांना खुनी म्हणत होते आणि ज्यांना माओवादी दलाल म्हणत होते, ते दोघे आता एकाच माणसाच्या विरोधात उभे राहिले. माओवाद्यांनाही एव्हाना एक कडू गोष्ट कळली होती. गावं आपली, पण काठमांडू हाती येत नाही. एप्रिल २००५ मध्ये रुकुमच्या खारा इथल्या सेनेच्या तळावर चाल करताना त्यांची फार माणसं गेली. त्याच वर्षी चुनबाङच्या बैठकीत त्यांनी ठरवलं की साम्यवादी राज्य नंतर, आधी लोकशाही प्रजासत्ताक. सेनेचंही तेच. जिल्ह्यांची ठाणी ताब्यात, डोंगर नाहीत. दोन्ही मल्ल दमलेले, पण आखाडा सोडला तर लोक काय म्हणतील म्हणून एकमेकांना धरून उभे, असा तो प्रकार होता.

२२ नोव्हेंबर २००५ ला सात पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमांची समजूत झाली, ती दिल्लीत. माओवाद्यांचे वरचे पुढारी युद्धाचा बराच काळ भारतातच लपून होते, हे उघड गुपित होतं. एका बाजूनं भारत नेपाळी सेनेला शस्त्रं पुरवत होता, दुसरीकडे त्याच सेनेचे शत्रू दिल्लीच्या आसपास भाड्याच्या घरांत राहत होते. आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हा यावर किती छापून आलं ते आठवून बघा. मला काही आठवत नाही.

मग एप्रिल २००६. सहा तारखेपासून एकोणीस दिवस लोक रस्त्यावर. काठमांडूभोवतीचा २७ किलोमीटरचा रिंग रोड माणसांनी भरून गेला, शहराच्या आत संचारबंदी आणि बाहेर हे कडं. २१ ला राजानं पंतप्रधान नेमायची तयारी दाखवली, ती कुणी घेतली नाही. २४ च्या रात्री उशिरा त्यानं २००२ मध्ये विसर्जित केलेली संसद परत बोलावली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी टीव्हीवर बघून मांगराकडे ओरडून सांगितलं, “अरे, तुझा राजा नरमला!” बहादूर झेला हातात घेऊन झाडाखाली उभा होता. “बाटो खुल्यो?” त्यानं विचारलं. वाट उघडली का? वडिलांना प्रश्नच कळला नाही.

वाटाघाटीत समोरासमोर बसलेल्या दोघांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकीकडे माओवाद्यांचे प्रमुख प्रचंड, म्हणजे पुष्पकमल दाहाल. मराठी कानाला हे टोपणनाव जरा गमतीचंच वाटतं. वर्षानुवर्षं त्यांना कुणी जाहीरपणे पाहिलं नव्हतं, त्यामुळे असा माणूस खरंच आहे का, इथपर्यंत चर्चा होती. १६ जून २००६ ला ते काठमांडूत पंतप्रधानांच्या घरी कॅमेऱ्यांसमोर आले तेव्हा नीट भांग पाडलेला, मिशीवाला, मास्तरासारखा गृहस्थ निघाला. दुसरीकडे पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला. ऐंशीच्या पुढचे, दम्यानं बेजार, कित्येकदा ऑक्सिजनवर. पण ह्याच गिरिजाबाबूंनी १९७३ मध्ये राजाविरुद्धच्या लढ्यासाठी पैसा हवा म्हणून एक विमान पळवायचा बेत तडीस नेला होता. विराटनगरहून निघालेलं ते छोटं विमान बिहारात फोर्ब्सगंजला उतरवलं, त्यातले तीस लाख भारतीय रुपये काढून घेतले आणि प्रवाशांना सोडून दिलं. प्रवाशांत नटी माला सिन्हाही होत्या. बंदूक हातात घेणारा माणूस टेबलाशी कसा येतो, हे समजून घ्यायला गिरिजाबाबूंइतका लायक दुसरा म्हातारा त्या देशात नसावा.

२१ नोव्हेंबर २००६ ला विस्तृत शांति सम्झौत्यावर ह्या दोघांनी सह्या केल्या. दहा वर्षांत गेलेल्यांचा सरकारी आकडा पुढे सतरा हजारांच्या आसपास ठरला. तेराशेहून अधिक माणसं बेपत्ता. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, अक्षरानं आणि अर्थानं.

मला ह्या सगळ्यात सर्वांत नवल वाटतं ते कुलपाचं. माओवाद्यांनी शस्त्रं खाली ठेवायची, पण कुणाच्या हवाली करायची नाहीत. शरणागतीसारखं दिसता कामा नये. मग तोडगा असा: सात मोठ्या छावण्या आणि त्यांच्या आसपास एकवीस छोट्या. मोठ्या छावणीत लोखंडी कंटेनर. त्यात फळ्यांवर, क्रमांक टाकून, नोंद करून बंदुका. कंटेनरला कुलूप. आणि किल्ली? किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे. दार उघडलं तर भोंगा वाजेल अशी यंत्रणा संयुक्त राष्ट्रांनी बसवली आणि त्यांची माणसं, तीही निःशस्त्र, बाहेर नजर ठेवून. नेपाळी सेनेनंही तेवढीच शस्त्रं काठमांडूच्या छाउनी बराकीत अशीच बंद करायची. कुणी कुणाकडून काही हिसकावलं नाही. आपली बंदूक आपल्याच कुलपात, फक्त उघडली तर सगळ्या गावाला कळेल. आमच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, भाऊबंदकीत दागिन्यांची पेटी अशीच ठेवतात. किल्ली थोरल्याकडे, पण पेटी माजघरात, सगळ्यांच्या देखत.

संयुक्त राष्ट्रांची मंडळी पोचेपर्यंत ह्या छावण्यांवर नजर ठेवायला १११ नेपाळी माजी सैनिक नेमले होते. भारतीय आणि ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले गुरखे. राखणीला शेवटी गुरखाच. बहादूरला ही गोष्ट फार आवडली होती, त्यानं ती बागांतून फिरून सगळ्यांना सांगितली.

छावण्यांत नाव नोंदवायला ३२ हजारांवर लोक आले. छाननीत १९,६०२ टिकले, त्यात ३,८४६ बायका. आणि नोंदलेली शस्त्रं ३,४७५. साडेपाच माणसांमागे एक बंदूक. आकड्यांचा हा मेळ कसा बसतो, ते पुढे २००९ मध्ये एक चित्रफीत बाहेर आली तेव्हा कळलं. शक्तिखोरच्या छावणीत प्रचंड आपल्याच लोकांना सांगत होते की आपण खरे सात-आठ हजार होतो, पस्तीस हजार सांगितले म्हणून वीस हजार पदरात पडले. काठमांडूत गदारोळ झाला. मला तेव्हा राग आला होता, आता तितका येत नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांचा आकडा खोटा आहे हे ठाऊक असून दोघांनी तो मान्य केला, कारण पर्याय काय होता ते दोघांनी दहा वर्षं बघितलं होतं.

डिसेंबर २००६ मध्ये बहादूर रजा मागायला आला. मोहोर धरायचे दिवस, तुडतुड्यावर फवारणी चालू, आजोबा वैतागले. पण तो पाच वर्षांत घरी गेला नव्हता. दिल्ली, तिथून बसनं गौरीफंटा, सीमा चालत ओलांडून धनगढी, मग डोंगर. जानेवारीच्या अखेरीला परतला. धाकटा सापडला होता. कैलाली जिल्ह्यात तालबंदच्या छावणीत, जिवंत, ‘हमसे लंबा’. पिशवीतून त्यानं आजीसाठी तूप आणलं होतं. साइँला दाइबद्दल मी विचारलं. त्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्या हलवण्यातून कळलं नाही.

धाकट्याला मी २०१२ मध्ये भेटले. तो बागेत कामाला आला होता. बाहेरून आलेल्या गड्यांची पोलीस ठाण्यात नोंद करायची म्हणून वडिलांनी फॉर्म माझ्याकडे दिला. दोघा भावांचे फॉर्म. तेव्हाच मी बहादूरचं खरं नाव पहिल्यांदा लिहिलं आणि लिहिताना कानशिलं गरम झाली. धाकट्याच्या फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना आला. मी विचारलं. तो हसला.

“कौन सा वाला, दिदी?”

त्याच्याकडे दोन होत्या. गावच्या शाळेच्या पटावर २०४६ साल. पार्टीनं सांगायला लावलेलं २०४४. छाननीचा नियम असा होता की २५ मे १९८८ नंतर जन्मलेला तो अल्पवयीन, त्याला लढवय्या म्हणून मोजायचं नाही. पार्टीला संख्या हवी होती म्हणून २०४४. संयुक्त राष्ट्रांच्या माणसानं टेबलापलीकडून शांतपणे विचारलं, शाळा सोडलीस तेव्हा कितवीत होतास? ह्यानं खरं सांगून टाकलं. मला म्हणाला, खोटं बोलायचं पाठ केलं होतं, पण शाळेचं विचारल्यावर खरंच तोंडून गेलं. अशा रीतीनं तो ४,००८ जणांत गेला. अल्पवयीन आणि उशिरा भरती झालेले, मिळून सगळ्यांना नेपाळात एकच शब्द चिकटला: अयोग्य. मराठीत तो शब्द जितका लागतो तितकाच नेपाळीतही लागतो. त्यांना २०१० च्या सुरुवातीला छावण्यांतून घरी पाठवलं. शिकायचं असेल तर मदत, नाहीतर एखादं प्रशिक्षण. जे योग्य ठरले त्यांतले चौदाशेच्या आसपास पुढे त्याच सेनेत भरती झाले जिच्याशी ते लढले होते, आणि पंधरा हजारांहून अधिक जणांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरची वाट धरली. ह्याला घरीही जाववेना. गावात लोक विचारणार, इतकी वर्षं लढलास आणि अयोग्य? म्हणून रत्नागिरी.

मी फॉर्मवर २०४६ मधून सत्तावन्न वजा करून १९८९ लिहिलं. महिना-दिवस त्याला सांगता आला नाही. १ जानेवारी लिहिलं. म्हणजे आता त्याच्याकडे तीन झाल्या.

गलोलीनं वानर हाकण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. युद्धाबद्दल मी दोन-तीनदा विचारून बघितलं, मग सोडून दिलं. एकदाच आपणहून म्हणाला की कंटेनरला कुलूप लागलं त्या रात्री छावणीत बरेच जण रडले. भीती वाटली का, विचारलं. “नहीं. हाथ खाली लगा.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात ते कुलूप फिरतंय. कुणालाही ‘हरलो’ म्हणावं लागलं नाही म्हणून युद्ध संपलं, हे खरं. पण कुणी हरलंच नाही तर जाब कुणाला विचारायचा? प्रचंड २००८ मध्ये पंतप्रधान झाले, नंतर आणखी दोनदा झाले. सेना सेनाच राहिली. राजा तेवढा हरला. त्याला २००८ च्या जूनमध्ये राजवाडा सोडावा लागला आणि तिथे संग्रहालय झालं. उरलेले सगळे सत्तेच्या एकाच ओसरीवर आलटून पालटून बसले. शांतिकरारात एक कलम आहे, ५.२.३. युद्धात बेपत्ता केलेल्या आणि मारलेल्या माणसांची नाव, जात, पत्त्यासह माहिती दोन्ही पक्ष सही झाल्यापासून ६० दिवसांत जाहीर करतील आणि घरच्यांना कळवतील. मी बोटांवर मोजलं. २० जानेवारी २००७. त्या दिवशी बहादूर गावात होता.

साठ दिवस गेले, साठ महिने गेले. बेपत्ता व्यक्तींचा आयोग आणि सत्य निरूपण आयोग नेमायला २०१५ साल उजाडलं. गोरखा जिल्ह्यातलं एक म्हातारं जोडपं मुलाच्या खुनाचा न्याय मागत काठमांडूच्या इस्पितळात उपोषणाला बसलं. तीनशेहून अधिक दिवसांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, बाप गेला. प्रेत ताब्यात घ्यायला घरच्यांनी नकार दिला आणि ते वर्षानुवर्षं शवागारात राहिलं. ती बातमी मी धाकट्याला दाखवली होती. मुलाला मारल्याचा आरोप माओवाद्यांवर होता. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली आणि मोबाइल परत दिला.

साइँला दाइची बायको, भाउजू, बांगड्या घालत होती. बहादूर हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज खाली यायचा. कपाळी सिंदूर लावला तर गावातल्या बायका कुजबुजणार, नाही लावला तर आपणच नवऱ्याला मारल्यासारखं. जमीन दाइच्या नावावर, मृत्यूचा दाखला नाही, म्हणून नावावर चढत नाही. आजी तेव्हा नव्वदीला टेकली होती. म्हणाली, आपल्याकडे बारा वर्षं वाट बघतात आणि पालाशविधी करतात. देह नसला तर पळसाच्या पानांचा करायचा, अग्नी द्यायचा, माणूस सुटतो. बहादूर म्हणाला, आमच्याकडे कुशाचा करतात. भाउजूला सगळ्यांनी सांगून बघितलं. ती म्हणते, आधी मला सांगा की गेला. मग जाळते गवत.

आजी त्यावर काही बोलली नाही. आजीला गप्प झालेलं मी फारदा पाहिलेलं नाही.

बहादूर २०१४ मध्ये कायमचा गावी गेला, गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून. त्याची पत्र्याची ट्रंक मांगरातच राहिली, पाठवून देऊ म्हणत. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याचा व्हिडिओ फोन आला. गावाजवळ मोटार जाईल असा रस्ता झालाय, आता टॉवरही आहे, चेहरा स्पष्ट दिसत होता. आयोगानं तक्रारी मागवल्या होत्या, भाउजूची तक्रार द्यायची होती. ती सांगेल ते लिहून घेतात, पण कागद काहीतरी पाहिजे. कधी नेलं त्याचा कागद. गावात कुणाकडे काही नाही. जे होतं ते त्या वर्षांत लोकांनी भीतीनं जाळलं. मास्तरही राहिले नाहीत.

“वो चिट्ठी है क्या, बहिनी?”

मी मांगरात गेले. ट्रंकेला कुलूप नव्हतं, कडीला सुतळी बांधलेली होती. वर एक स्वेटर, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पत्रं. वाळवी लागली नव्हती. ते पत्र घड्यांवर फाटायला आलेलं, कोपऱ्यावर चिकाचा काळा डाग. तोवर मला थोडं नेपाळी येत होतं, धाकट्याच्या संगतीनं. मी पहिल्यांदाच ते अर्थासकट वाचलं. मास्तरनं सावधपणे लिहिलं होतं. पत्र वाटेत कुणाच्याही हाती पडेल, हे धरूनच. मंगलसेनचं नाव नाही, फौज नाही, पार्टी नाही. फागुनच्या कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, ते मात्र होतं. त्या वेळी मी ते नुसती अक्षरं म्हणून वाचून गेले होते.

फोन समोर टेकवून मी मोठ्यानं वाचायला लागले. पलीकडे बहादूर, त्याच्या मागे दारात एक बाई उभी, डोक्यावर पदर. आयोगाच्या फॉर्मवरचे रकाने बहादूरच्या शेजारी बसलेला एक पोरगा भरत होता. त्यानं मधेच थांबवून विचारलं, कसले लग्यो, त्यो लेखेको छ? कुणी नेलं, ते लिहिलंय का?

मी कागद उलटसुलट केला. “नाही. फक्त ‘लगे’.”

पोरगा पेन टेकवून थांबला. बाईनं मागून काहीतरी विचारलं, हळू, त्यांच्या बोलीत, मला कळलं नाही. बहादूरनं कळवलं.

“पूछती है, तारीख तो है ना?”

“आहे,” मी म्हटलं, आणि तारीख पुन्हा वाचली.